अठरा फुटांची सही

अर्विंग, टेक्सस
२३ मार्च २०२५

आदरणीय प्रल्हादकाका,
सविनय जय भीम.

परवा नागपूरहून परत आले. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मीनाक्षीताई शेजारी बसून लेकीच्या हक्कानं माझं प्रत्येक वाक्य तुम्हाला मोठ्यानं सांगते, त्यात बोलण्याची मजा निघून जाते. म्हणून ठरल्याप्रमाणे ईमेल.

बाबांना जाऊन वर्ष झालं, त्याचं पुण्यानुमोदन व्यवस्थित झालं. भन्तेजी वेळेवर आले, वस्तीतली झाडून सगळी माणसं आली. ज्यांच्या घरांच्या भिंती बाबांनी उभ्या केल्या अशी निदान वीस माणसं मला भेटली. प्रत्येक जण तुमची चौकशी करत होता. काका का नाही आले, म्हणून. मी सांगितलं, कानामुळे डॉक्टरांनी विमान नको म्हटलंय. आई चहाचे कप उचलून आत गेली. तिची तब्येत बरी आहे. फक्त गुडघे त्रास देतात, आणि इकडे यायचं नाव काढलं की तिला दुसरं काहीतरी काम आठवतं.

इथे मात्र मी विमानातून उतरले ती थेट सीझनमध्ये. एप्रिल-मेमध्ये इथे सगळ्यांनाच बांधायचं असतं. ऑफिसमध्ये माझ्या नावावर शाळेची एक नवी विंग आहे, ती ऑगस्टच्या आत उघडायची. एक दवाखाना आहे. दोन पार्किंग आहेत. तीन आठवड्यांच्या साडेचारशे ईमेल वाचायच्या आहेत. आणि या सगळ्यावर आपलं विहार.

विहाराचं तुम्हाला मागे लिहिलं होतं. आपल्या चाळीस कुटुंबांनी मिळून जुनं घर घेतलं, त्याला लागून हॉल बांधायचा आहे. ड्रॉइंग माझं, म्हणजे इंजिनीअर म्हणून जबाबदारीही माझी. इथली माती हुबेहूब आपल्या वर्धेकडची काळी. पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उन्हाळ्यात लोक घराच्या पायाला नळीनं पाणी घालतात, सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. म्हणून इथे मशिननं खोल भोकं पाडतात, खालच्या चुनखडीच्या खडकापर्यंत जातात, आणि सळ्या-काँक्रीट भरून जमिनीत खांब करतात. मग त्यावर तळाचा स्लॅब.

मी नसताना हे चोवीस खांब भरून झाले. मशिन दोन आठवडे आधी मिळालं, म्हणून अतुलनं होकार दिला. अतुल आमच्या कमिटीचा अध्यक्ष, नागपूरचाच, सॉफ्टवेअरमध्ये आहे, मला भावासारखा. ज्यानं बघायला यायचं तो तपासनीस त्या दिवशी आलाच नाही. आता स्लॅब गुरुवारी ३ एप्रिलला. त्याआधी सगळे खांब खडकापर्यंत गेले आहेत, असं पत्र माझ्या सहीनं सिटीच्या कार्यालयात द्यायचं आहे.

भोकं पाडणाऱ्या ठेकेदारानं दिलेला तक्ता सोबत जोडते. सहज नजर टाका. तुम्हाला तेवढाच विरंगुळा.

तुमची,
जागृती


एडिसन, न्यू जर्सी
२६ मार्च २०२५

चि. जागृती,
जय भीम, आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या बाबांचा, पंडितचा कार्यक्रम चांगला झाला हे वाचून बरं वाटलं. येता आलं नाही. तुझ्या आईला, जाईबाईंना माझा नमस्कार कळव.

इथे आमचं ठीक चाललं आहे. मीनाक्षी सकाळच्या ट्रेननं कामाला जाते. मी ओक ट्री रोडपर्यंत पायी जाऊन भाजी आणतो. कान गेल्यापासून रहदारीची भीती वाटते, पण सवय मोडायची नाही असं ठरवलं आहे.

आता तक्ता. चोवीस खड्डे आणि चोवीसही अठरा फूट. मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत पाये खोदून घेतले, त्यात काळ्या मातीची कामं निम्म्याहून जास्त. एका खोलीच्या चार कोपऱ्यांत मुरूम कधी सारख्याच फुटांवर लागलेला मला आठवत नाही. जमीन इतकी आज्ञाधारक नसते. शिवाय सगळे आकडे एकाच हातानं, एकाच दमात लिहिलेले दिसतात. काम चालू असताना लिहिलेल्या कागदावर कुठेतरी चिखलाचं बोट उमटतं, एखादा आकडा खोडलेला असतो. हा कागद फार स्वच्छ आहे.

तपासल्याशिवाय सही करू नकोस. एवढंच सांगायचं आहे.

पत्र लहान झालं, राग मानू नकोस. डोळेही आता लवकर थकतात.

तुझा,
प्रल्हादकाका


अर्विंग
३० मार्च

आदरणीय काका,

तुमचं पत्र आल्यावर शनिवारी अतुलला साइटवर बोलावलं. तक्ता दाखवला आणि जरा कडकच बोलले. मी इंडियात असताना एवढी घाई कशाला केलीस, उद्घाटनाच्या पत्रिकेवर नाव लवकर छापायचं होतं का, असंही बोलून गेले. तो ऐकून घेत होता. मग सळ्यांच्या ढिगावर बसला आणि म्हणाला, "ताई, माझा जॉब सात मार्चला गेला. कुणाला सांगितलेलं नाही."

तुम्हाला इथल्या व्हिसाचं माहीत आहे. साठ दिवसांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर देश सोडायचा. त्यातले तेवीस दिवस गेले. रोज इंटरव्ह्यू देतो, पण सध्या कुणी कुणाला घेत नाही यार, असं म्हणाला. त्याची बायको ज्ञानदा आणि तो, दोघं नऊ वर्षं इथे आहेत. या विहारासाठी त्यानं तीन वर्षं दर शनिवार-रविवार घातला. जाण्याआधी निदान उभ्या भिंती बघाव्यात, आणि तो गेला तरी यंदाची बुद्धपौर्णिमेची वंदना त्यात व्हावी, एवढंच त्याला हवं आहे. मला इतकी लाज वाटली की मी त्या तक्त्याबद्दल पुढे काही बोललेच नाही.

काका, मी खूप विचार केला. तपासणी करायची म्हणजे गुरुवारचं काँक्रीट कॅन्सल, तपासणाऱ्याची तारीख मिळायला दोन आठवडे, रिपोर्टला आणखी एक. भिंती उठतील तेव्हा अतुल इथे नसेल. तक्ता आळशीपणानं भरला असेल, पण याचा अर्थ खांब आखूड आहेत असा होत नाही. ठेकेदार बारा वर्षं याच भागात काम करतो. एक मजली हॉल आहे, काही धरण नाही.

शेवटी आपण माणसावर विश्वास ठेवूनच सही करतो ना? बाबा नेहमी तुमच्याबद्दल सांगायचे, साहेब माझ्या शब्दावर सही करायचे, खड्ड्यात उतरून बघायची त्यांना गरज वाटायची नाही. मी लहानपणापासून ते अभिमानानं ऐकत आले. तुम्ही माझ्या वडिलांवर ठेवलात तेवढा विश्वास मी अतुलवर ठेवू शकत नसेन, तर काय शिकले मी तुमच्याकडून?

पत्र टाइप करून ठेवलं आहे. बुधवारी सही करून पाठवीन म्हणते.

तुमची,
जागृती


एडिसन
३१ मार्च, सकाळ

चि. जागृती,

तुझं पत्र आत्ता वाचलं. ही सही करू नकोस. कारण सांगतो. ते तुला चाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, पण तेव्हा तू जेमतेम तीन वर्षांची होतीस, आणि पुढे तू मोठी होत गेलीस तशी माझी हिंमत कमी होत गेली.

१९८६ची गोष्ट. आर्वीजवळ मुलींच्या वसतिगृहाचं काम चाललं होतं. मी दीड महिना पुण्याला प्रशिक्षणाला होतो, परत आलो तो मार्च महिना, आणि माझ्या टेबलावर अकरा कामं. सगळी एकतीस तारखेच्या आत दाखवायची. तुझे वडील त्या वसतिगृहावर मिस्त्री होते. पाया खोदून होत आला तेव्हा ते सायकलनं ऑफिसात आले आणि म्हणाले, "साहेब, अजून काळीच माती आहे. मुरूम लागला नाही. तीन फूट तरी खाली जावं लागेल. तुम्ही एकदा खड्ड्यात उतरून बघा."

मी गेलो नाही. जिथे आहे तिथे भरून घ्या म्हणालो. मोजमाप पुस्तकात मुरमापर्यंत खोदाई असं लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंत पडली. मुली शाळेत होत्या. स्वयंपाक करणाऱ्या वच्छलाबाई तिच्याखाली सापडल्या. त्यांचा पाय चिरडला. चौकशी बसली. चौकशीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं, पाया स्वतः पाहिला होता का? मी हो म्हणालो. मग दोष कुणाचा, तर मिस्त्रीनं सिमेंट कमी वापरलं असं ठरलं. पंडित समोर उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. त्यानंतर जिल्हा परिषदेच्या कामावर त्याला कुणी घेतलं नाही. तुझ्या शाळेसाठी तुम्ही नागपूरला आलात असं तुला सांगितलेलं आहे. तसं नव्हतं.

मी आपल्या समाजातला त्या ऑफिसातला पहिला इंजिनीअर होतो. मी कधी चुकतो याची वाट बघणारे पुष्कळ होते. माझं नाव खराब झालं तर मागून येणाऱ्या आपल्या मुलांचे रस्ते बंद होतील, असं मी स्वतःला समजावलं. ते थोडं खरं होतं म्हणूनच मला इतकी वर्षं पुरलं. पण पंडितही आपलाच होता.

पुढे दर रविवारी येऊन तुला गणित आणि ड्रॉइंग शिकवलं. ते मायेनं की पश्चात्तापानं, मला आजही वेगळं करता येत नाही.

डॉक्टरांनी मला विमान नको असं कधी म्हटलं नाही. जाईबाईंसमोर बसायचं धाडस झालं नाही.

पंडितनं तुला विश्वासाची गोष्ट सांगितली. माझी लाज झाकायला तो खोटं बोलला. त्या खोट्यावर तू सही करू नये, म्हणून लिहिलं.

प्रल्हाद


एडिसन
१५ एप्रिल

चि. जागृती,

काल जयंतीचा कार्यक्रम इथल्या हॉलमध्ये झाला. मी मागे बसलो होतो. भाषणं ऐकू आली नाहीत, पण लहान मुलं निळे फेटे बांधून आली होती.

पंधरा दिवस झाले, तुझं पत्र नाही. मीनाक्षी म्हणाली फोन करून विचारते. मी नको म्हटलं. तिला अजून काही माहीत नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी ते योग्यच होईल. फक्त स्लॅबचं काय झालं तेवढं एका ओळीत कळव.

प्रल्हाद


अर्विंग
६ मे

आदरणीय काका,
जय भीम.

सही केली नाही.

तुमचं पत्र वाचलं तेव्हा मी शाळेच्या साइटवर गाडीत बसले होते. वाचून झाल्यावर पहिला फोन अतुलला केला, काँक्रीटचे ट्रक कॅन्सल कर म्हणून. का, ते नीट सांगता आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "ठीक आहे ताई," आणि त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. ग्रुपवर लोकांनी बरंच काही लिहिलं. इंडियातून फिरून आली आणि सगळ्यांना कामाला लावलं. फुकट इंजिनीअर मिळाला की असंच होतं. दिवसा ऑफिसची चार कामं आणि संध्याकाळी हे, अशा अवस्थेत मी तुम्हाला लिहिलं असतं तर फार वाईट लिहिलं असतं.

१२ एप्रिलला तपासणी झाली. खांबाच्या डोक्यावर छोट्या हातोडीनं ठोकतात, आवाज तळापर्यंत जाऊन परत येतो, त्यावरून लांबी कळते. चोवीसपैकी नऊ खांब आखूड निघाले. ओढ्याच्या बाजूचा सगळ्यात वाईट, तो अकरा फुटांवर काळ्या मातीतच संपला होता. ठेकेदार आधी नाही म्हणत राहिला. मग कबूल केलं की त्या कोपऱ्यात पाणी लागलं, भोकं ढासळायला लागली, म्हणून वरच थांबून भरून टाकली. तक्ता ट्रकमध्ये बसून लिहिला. पुन्हा काम करून द्यायचं त्यानं मान्य केलं.

अतुल त्या दिवशी आला होता. प्रत्येक खांबाजवळ उभा राहून आकडे बघत होता. शेवटचा झाल्यावर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, हॉलमध्ये पहिल्या दिवशी सगळ्यात पुढे लहान मुलं बसली असती."

अतुलला नोकरी मिळाली नाही. नवे नऊ खांब ३ मेला केले, आणि त्यांचं विमान ५ तारखेचं. घर आवरायचं राहिलेलं असताना तो सकाळपासून साइटवर होता. खोल भोकात आरशानं उन्हाची तिरीप टाकून तळ बघतात. तो पालथा पडून प्रत्येक भोकाचा तळ बघत होता, टेप सोडून खोली ओरडून सांगत होता, मी लिहीत होते. एकोणीस. साडेवीस. सतरा. बावीस. संध्याकाळी त्याचा शर्ट काळ्या चिखलानं माखला होता. काल दोघं नागपूरला गेले. पौर्णिमेची वंदना यंदा आम्ही जुन्या घराच्या बैठकीतच करणार आहोत.

आता तुमचं.

मी रागावले होते, अजूनही आहे. बाबांनी सत्तरीपर्यंत दुसऱ्यांच्या हाताखाली विटा रचल्या. त्यांना स्वतःचं काम घ्यायचं होतं, ते मला ठाऊक होतं. का नाही घेतलं, हे ठाऊक नव्हतं. तुम्ही रविवारी यायचात तेव्हा ते अंगणात जाऊन बसायचे, तो मला आदर वाटायचा.

आईला फोन करून विचारलं. तिला सगळं माहीत होतं. चौकशी झाली त्याच दिवशी बाबांनी तिला सांगितलं होतं. मी म्हटलं, मग काकांना घरात कसं येऊ दिलंत? ती म्हणाली, "तुझे बाबा म्हणायचे, त्याला बोलता येत नाही म्हणून तो भूमिती शिकवतो. शिकवू दे. पोरीचं तरी भलं होईल." मग म्हणाली, की खरं सांगायचं तर तिला तुमचा चहा करणं कित्येक वर्षं जड गेलं. पण केला.

मी विचारलं, काकांना काय कळवू. तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "साहेबांना म्हणावं, माझ्याकडे माफी मागायला येऊ नका. जागृतीचे बाबा गेले, त्यांनी जे सोडून द्यायचं ते सोडून दिलं. वच्छला आहे अजून. आर्वीला भाचीकडे राहते. ते वर्षातून एकदा जाऊन यायचे. आता कुणी जात नाही."

काका, तुम्ही मला जे शिकवलंत ते सगळं बरोबर शिकवलंत. ते मायेनं होतं की कशानं, हे मलाही ठरवता येत नाही. पण हे पत्र तुम्ही तीन दिवस उशिरा पाठवलं असतं, तर माझ्या नावावर काय उभं राहिलं असतं, हे मला पक्कं कळतं.

जागृती


एडिसन
१५ मे

चि. जागृती,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. नऊ खांबांचं वाचलं. अतुलचा पत्ता मला पाठव. नागपुरात माझ्या ओळखीची दोन-तीन माणसं आहेत, आणि त्यांचा उपयोग झाला नाही तरी मला त्याला भेटायचं आहे.

घडलं ते सगळं मी एका कागदावर लिहून काढलं आहे, तारखांसकट, आणि खाली सही केली आहे. ऑफिसात आता ती फाइल नसेलही. तरी एक प्रत तिथे देईन, एक जाईबाईंना देईन. त्यांनी घेतली नाही तर दारात ठेवणार नाही, परत आणीन.

दोन जूनचं तिकीट काढलं आहे. मीनाक्षी म्हणाली, जूनमध्ये विदर्भात कोण जातं, आणि तेही या वयात, एकटं. तेव्हा तिला सांगावं लागलं. जेवताना सांगितलं. मला ऐकू येत नसल्यामुळे माझा आवाज फार मोठा होतो, सगळं घर ऐकत असणार. तिनं हातातला घास खाली ठेवला. मला वाटलं, आता पंडितबद्दल विचारेल, तुझ्याबद्दल विचारेल. तिनं ते काही विचारलं नाही. माझ्या कानाशी वाकून तिनं विचारलं, "बाबा, त्या बाई पुन्हा चालायला लागल्या का?"

मला माहीत नव्हतं. अडतीस वर्षांत मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

तेच विचारायला जातो आहे.

तुझा,
प्रल्हादकाका